काटा काय म्हणतो, हरीश?

शप्पथ! अगदी गळ्याशप्पथ! मला गळा नाही म्हणून काय झालं, माझ्या पितळी कड्याची शपथ, काचेची शपथ, आतल्या केसाएवढ्या स्प्रिंगची शपथ. आता जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझा काटा इथल्या इथे गळून पडो! मागच्या रांगेत ऐकू आलं ना? मग बसा गप्प.

मी एक जुना बॅरोमीटर आहे, मित्रांनो. तुमच्या पुस्तकात मला वायुदाबमापक म्हणतात. एवढं लांबलचक नाव घेऊन मला कोणी हाक मारली असती तर मी ओ सुद्धा दिली नसती. दर रविवारी तुम्ही एजवेअरच्या या हॉलमध्ये मराठी शिकायला येता, माझ्या शेजारच्या खुंट्यांवर कोट टांगता आणि जाता-येता मला टिचक्या मारता. परवा कोणीतरी माझ्या काचेवर पेनाने मिशा काढल्या. काढा. मी याहून वाईट दिवस बघितलेत.

माझा जन्म याच देशातला. बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात मला घडवलं. माझ्या पोटात पातळ पत्र्याची एक चपटी डबी आहे. तिच्यातली हवा काढून तोंड कायमचं बंद केलंय. बाहेर हवेचं ओझं वाढलं की डबी दबते, ओझं कमी झालं की फुगते, आणि तिच्या दबण्याफुगण्यावर माझा काळा काटा फिरतो. तोंडावर इंग्रजीत पाच शब्द कोरलेत. डाव्या टोकाला 'स्टॉर्मी', म्हणजे तुफान. मग 'रेन', पाऊस. मधोमध 'चेंज'. पुढे 'फेअर', म्हणजे हवा छान. आणि उजव्या टोकाला 'व्हेरी ड्राय', ठणठणीत कोरडं. काळ्या काट्याच्या वर एक सोनेरी काटा आहे, तो माणसाने हाताने फिरवायचा. आज काळा जिथे असेल तिथे सोनेरी नेऊन ठेवायचा, म्हणजे उद्या कळतं, हवा चढली की उतरली. काटा कुठे आहे ते बघून फारसं कळत नाही, तो कुठे चाललाय ते बघायचं. एवढं समजलं की तुम्ही शहाणे झालात. इथे कोणाला ते समजलेलं नाही.

तर मला लाकडी पेटीत भुसा घालून बंद केलं आणि बोटीने मॉरिशस बेटावर धाडलं. तिथे साखर कारखान्याच्या इंग्रज मॅनेजरच्या बंगल्यात मी लटकलो. बेट एवढंसं, गाडीने निघालात तर दुपारच्या जेवणाआधी या टोकापासून त्या टोकाला पोचाल. पण हवा! नोव्हेंबर ते एप्रिल तिथे वादळांचा मोसम. आधी दोन दिवस वारा पडतो. एवढा पडतो की उसाचं पातं हलत नाही, कुत्री भुंकायची थांबतात, आकाश तांब्याच्या घंगाळासारखं लाल होतं. मग पहिली झुळूक येते, मग दुसरी, आणि मग मोजायला कोणी उभं राहत नाही. तुमच्या लंडनमध्ये झाडाची एक फांदी रस्त्यात पडली की संध्याकाळी टीव्हीवर दाखवतात. तिथे वादळ येऊन गेल्यावर मैलन् मैल ऊस आडवा झालेला असतो, कोणीतरी चटया अंथरून ठेवल्यासारखा.

साठ सालच्या वादळात मॅनेजरचा लोखंडी बाथटब उडाला. त्यात त्याचा कोंबडा दडून बसला होता. टब तीन मैलांवर चर्चच्या अंगणात उतरला, आणि लोकांनी आत डोकावून बघितलं तर त्या कोंबड्याने भीतीने अंडं घातलेलं! हसू नका. शपथ घेतलीय मी. त्याच वादळात मीही भिंतीच्या तुकड्यासकट उडालो आणि कारखान्यात उसाच्या रसाच्या काहिलीत जाऊन पडलो. अजून दमट हवेत माझ्यावर मुंग्या चढतात, त्या उगाच नाही.

मला काहिलीतून काढलं ते मोहनने. हा कारखान्यातला फिटर. त्याचा पणजोबा रत्नागिरीहून ऊस तोडायला त्या बेटावर गेला होता, तेव्हापासून घर तिथलंच. मॅनेजर म्हणाला, "फेकून दे." मोहनने मला घरी नेलं, रॉकेलने धुतलं, ब्रशने एकेक दातेरी चाक साफ केलं आणि पुढच्या खोलीत खिळा ठोकून लावलं. त्याच्या बायकोने, मधुमतीने, बघितलं आणि विचारलं, "घड्याळ आहे? मग बारा आकडे कुठायत?"

"घड्याळ नाही गं. पुढे काय होणार ते सांगतं हे."

"मग याला विचार, तू दिव्याचं तेल कधी आणणार."

असं आमचं घर होतं.

मोहन शिकलेला नव्हता फारसा, पण त्याने मला वाचलं तसं पुढे कोणी वाचलं नाही. त्याच्या लक्षात आलं की त्या बेटावर मी रोज सकाळी दहाच्या सुमाराला केसभर चढतो आणि दुपारी चारला केसभर उतरतो. रोज, न चुकता, श्वास घेतल्यासारखा. ज्या दिवशी सकाळचा चढ आला नाही त्या दिवशी समुद्रात कुठेतरी काहीतरी शिजतंय. एके दिवशी त्याने कानस घेतली आणि माझ्या पितळी कड्यावर 'रेन' आणि 'स्टॉर्मी'च्या मध्ये एक बारीक रेघ ओढली. मला लागलं, पण मी काही बोललो नाही. तो मधुमतीला म्हणाला, "काटा या रेघेच्या खाली गेला की घर सोडायचं. आवरत बसायचं नाही, कोंबड्या मोजायच्या नाहीत. सोडायचं."

पंच्याहत्तर साली ती वेळ आली. सकाळी काटा चढला नाही, दुपारी रेघेच्या खाली गेला. रेडिओवर अजून गाणी चालू होती. मोहनने मला खिळ्यावरून काढून छातीशी धरलं आणि गल्लीतली अकरा घरं रिकामी करून सगळ्यांना कारखान्याच्या दगडी गोदामात नेलं. रात्रभर वारा ओरडत होता. मग एकदम सगळं शांत. लोक म्हणाले, "संपलं, चला घरी." मोहन दाराला पाठ लावून उभा राहिला. "काटा अजून तळाशी आहे. कोणी हलायचं नाही." दोघांनी त्याला शिव्या दिल्या, एकाने ढकललं. तो हलला नाही. अर्ध्या तासाने वारा पुन्हा आला, उलट्या बाजूने, आणि पहिल्यापेक्षा जोरात. ती शांतता म्हणजे वादळाचा डोळा होता, मित्रांनो. सकाळी बाहेर आलो तेव्हा अकरापैकी दोन घरं उभी होती आणि माणसं सगळी होती.

त्यानंतर माझा काय थाट! लग्नाचा मुहूर्त भटजी काढायचा, पण मांडव उघड्यावर घालायचा की नाही ते मला विचारून ठरायचं. मोहन गेल्यावर हे काम मधुमतीने घेतलं. रोज दुपारी चारला ती माझ्यासमोर उभी राहायची, बोटाच्या पेराने एकच टक करायची, डोळे बारीक करून बघायची आणि दारातून आख्ख्या गल्लीला सांगायची, "उद्या कपडे वाळत घालू नका गंऽऽ!" उंचीने एवढीशी बाई, पण आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा. गल्लीने हळूहळू सिमेंटची घरं बांधली. तिचं पत्र्याचंच राहिलं. तिचा एकुलता एक मुलगा हरीश लंडनला नर्सिंग शिकायला गेला होता, आणि जे होतं नव्हतं ते त्याच्याबरोबर विमानात बसलं.

दोन हजार एक सालच्या उन्हाळ्यात, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, हरीश बायकोला घेऊन घरी आला. बायको अर्चना, पुण्याची, लंडनमध्ये सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी. तेव्हा माझी काच धुरकट झाली होती आणि कड्यावर हिरवा गंज चढला होता. हरीशने माझ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "आई, हा मी घेऊन जातो. लंडनमध्ये याचे जुने कारागीर आहेत. नवाकोरा करून आणतो."

"आणि मोसम?"

"मोसमाच्या आत आणतो ना. प्रॉमिस."

"प्रॉमिस नको. तारीख सांग."

"दिवाळीला या खिळ्यावर असेल. बास?"

मधुमतीने मला स्वतःच्या दोन लुगड्यांत गुंडाळलं. गाठ मारली, सोडली, पुन्हा बघितलं, पुन्हा मारली. मला आजवर कोणी एवढं घट्ट धरलं नव्हतं, आणि एवढ्या सहज सोडलंही नव्हतं.

कारागिराने मला दोन आठवड्यांत लख्ख केलं. हरीशने मला एजवेअरच्या घरात आणलं आणि "तोपर्यंत" म्हणून दारातल्या पॅसेजमध्ये लावलं. तोपर्यंत! कोणी पाहुणा आला की ओव्हरकोट काढता काढता म्हणायचा, "ओह, लव्हली! अँटिक?" आणि हरीश फुगून म्हणायचा, "फॅमिली पीस आहे. माझ्या बाबांचा." या देशात सगळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत हवेवर बोलतात, पण त्या घरात माझ्याकडे हवेसाठी म्हणून कोणी बघितलं असेल तर शपथ. एकदा माझ्या खिळ्याला मफलर लटकवला होता. आठवडाभर मी अंधारात.

दिवाळी आली. हरीशला रजा मिळाली नाही. पोस्टाने पाठवला तर फुटेल म्हणाला. कोणी जाणारं मिळालं तर त्यांच्याबरोबर देऊ म्हणाला. मिळालं तेव्हा त्यांचं सामान आधीच जास्त झालं होतं. अर्चनाने दोनदा बबल रॅप आणून ठेवला. "हरीश, it's not ours," ती म्हणाली, "पाठव ना." तो म्हणाला, "पाठवतो गं, वीकेंडला." वीकेंड खूप आले.

मग एका रविवारी दुपारी त्याने फोनकार्ड खरवडून आईला फोन लावला. पॅसेजमध्येच फोन होता, माझ्या खालीच.

"दिवाळी झाली, हरीश," पलीकडून भोंगा वाजला. "माझा काटा कुठाय?"

"आई, इथे आहे भिंतीवर. मस्त दिसतो. कारागीर पण म्हणाला, असा पीस हल्ली—"

"ते राहू दे. काटा काय म्हणतो?"

हरीश गडबडला. मान वर करून बघितलं. "रेन म्हणतो."

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला, शेजारच्या शशीच्या घराकडचं. मग एकदम, "अरे, इथे सकाळपासून झिरमिर लागलीय! शशी, ए शशी, ऐकलंस? लंडनला जाऊन पण विसरला नाही तो!"

आता बघा हं, मित्रांनो. आमचं गाव बेटाच्या मधल्या उंच पठारावर. तिथे वर्षातले बहुतेक दिवस झिरमिर असते. एजवेअरलाही असते. दोन ओली गावं एकाच दिवशी भिजली, यात माझं काय कर्तृत्व? पण पुढच्या रविवारी पुन्हा जुळलं, आणि त्याच्या पुढच्याही. मधुमतीची खात्री पटली. "चाळीस वर्षं या भिंतीवर राहिलाय," ती म्हणायची. "माणूस परदेशी गेला तरी गावाकडचं आभाळ त्याला कळतं. यंत्राला का नाही कळणार?" रविवारी हरीश सांगायचा आणि ती दारातून गल्लीला ओरडून सांगायची. लंडनच्या हवेवर मॉरिशसची एक गल्ली कपडे वाळत घालत होती.

अर्चनाला हे पटलं नाही. एकदा फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "तू त्यांना सांगत का नाहीस? तो इथलं प्रेशर दाखवतो. Basic physics आहे, हरीश."

"अगं, तिला माहितीये. गंमत आहे ती आमची."

"गंमत तुझी आहे. त्यांची आहे का, एकदा विचार."

"चिल, अर्चना. तिकडे रेडिओ आहे, टीव्ही आहे, पोलीस चौकीवर लाल बावटे लावतात. या काट्यावर कोण विसंबून बसलंय?"

"आणि परत कधी पाठवणार आहेस?"

हरीश माझ्याकडे वळला. बाहीने माझी काच पुसली. खरं कारण मला ठाऊक होतं, कारण त्याचं तोंड माझ्याच काचेत दिसायचं. काटा काय म्हणतो हे विचारायला लागल्यापासून तिने काटा परत कधी देतोस हे विचारणं सोडलं होतं. सोयीचं होतं त्याला. फार सोयीचं होतं.

असे दोन मोसम गेले. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे, मला त्या बेटाचं काही कळत नाही, माझ्या पोटातली डबी इथल्या हवेने दबते! पण मला जीभ एकच, तो काटा, आणि तो फक्त पाच शब्द बोलतो.

तिसऱ्या मोसमातला जानेवारी. त्या आठवड्यात अर्चना कामासाठी मँचेस्टरला होती. लंडनमध्ये कडक थंडी पडली होती, पण आकाश धुतल्यासारखं निळं. सकाळी लोक गाड्यांच्या काचांवरचा बर्फ खरवडत होते. मी आठ दिवस 'फेअर'वर होतो.

आणि मंगळवारी सकाळी माझ्या पोटात कळ आली.

ऐका नीट. बाहेर ऊन होतं. खिडकीतून ते माझ्यावर पडलं होतं. आणि पोटातली डबी फुगायला लागली. काटा 'चेंज'वर आला, 'रेन'वर आला, मोहनच्या रेघेवर आला आणि तिच्याही खाली गेला. सहा हजार मैलांवरचं वादळ मला इथे, एजवेअरच्या पॅसेजमध्ये कळलं. माझं पितळ थरथरत होतं. शेजारच्या कोटांच्या बाह्या हलल्या असतील तर नवल नाही.

तेवढ्यात फोन वाजला. हरीश रात्रपाळी करून नुकताच आला होता, अंगावर युनिफॉर्म, एक बूट पायात आणि एक हातात.

"अलो, हरीश? काटा बघ."

"आई? आज मंगळवार ना? काय झालं?"

"रेडिओवाला दोन नंबरचा इशारा म्हणतोय. शशी व्हॅन घेऊन दारात उभा आहे. शाळेत चल म्हणतो, तिथे आसरा घेतलाय सगळ्यांनी. मागच्या वर्षी अशीच नेली होती मला. रात्रभर बाकावर बसून कंबर गेली आणि वादळ आलंच नाही, गेलं समुद्रातून. तू बघून सांग. बाबाच्या रेघेखाली असेल तर जाते."

दोन नंबर म्हणजे अजून घराबाहेर पडता येतं. तीन नंबर लागला की रस्ते बंद, जिथे असाल तिथेच राहायचं. म्हणजे जे काही ठरायचं ते त्या फोनवर ठरणार होतं.

हरीश माझ्यासमोर आला. बोटाच्या पेराने टक केलं, आईसारखंच. बघितलं. काटा तळाशी होता, रेघेच्या बोटभर खाली. त्याने खिडकीतून निळं आकाश बघितलं, पुन्हा मला बघितलं आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "बिघडला वाटतं. हीटिंगमुळे असेल." मग फोनवर, "फेअर आहे, आई."

"रेघेच्या वर?"

"खूप वर."

"नीट बघ हं."

"बघितलं, आई. मी झोपू का आता? रात्रभर वॉर्डमध्ये उभा होतो."

"झोप, बाळा. काहीतरी खाऊन झोप."

त्याने फोन ठेवला, दुसरा बूट काढला आणि जिना चढून गेला. मी खाली ओरडत राहिलो. काट्याने.

संध्याकाळी पाचला मँचेस्टरहून अर्चनाचा फोन आला. हरीश डोळे चोळत खाली आला.

"नेटवर बघितलंस का? तुमच्याकडे cyclone आहे. आईंशी बोललास?"

"बोललो सकाळी. ठीक आहे ती."

"ठीक म्हणजे? तीन नंबर लागलाय तिथे! कुठे आहेत त्या? शाळेत गेल्या ना?"

हरीशने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हरीश? काय सांगितलंस तू त्यांना?"

त्याने फोन ठेवला आणि आईचा नंबर लावला. एक कार्ड संपलं, दुसरं खरवडलं, मग तिसरं. पलीकडे नुसती खरखर, आणि मग तीही नाही. तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला, बरोबर माझ्या खाली. त्याच्या डोक्याचा मधला भाग मला दिसत होता, केस विरळ झालेला. तो एकदाही वर बघत नव्हता.

गुरुवारी दुपारी फोन आला. शशीचा होता. अर्चना परत आली होती, तिने स्पीकर लावला. शशी म्हणजे शेजारचा पावाची व्हॅन चालवणारा. मधुमतीच्या टकटकीवर लहानाचा मोठा झालेला.

"पत्रे पहिल्या तासातच गेले," तो म्हणाला. "मागची भिंत नंतर पडली. मधुकाकी पुढच्या खोलीत होती. जिथे तुमचा काटा असायचा ना, त्या भिंतीला टेकून बसली होती. ती भिंत उभी राहिली. पण वरची तुळई आली खाली."

अर्चनाने तोंडावर हात धरला.

"मी न्यायला गेलो होतो रे, हरीश. दहा मिनिटं दारात हॉर्न वाजवत होतो. ती म्हणाली, हरीशने बघितलंय, तू पोरांना घेऊन जा. मी म्हटलं, काकी, वारा बघ की! ती म्हणाली, वारा काय, उगाच आवाज करतो, काटा खोटं बोलत नाही. मग तीन नंबर लागला, पोलिसांनी व्हॅन आत घ्यायला लावली." नाक ओढल्याचा आवाज आला. "तू काय बघितलंस, हरीश?"

हरीशने फोनकडे बघितलं, अर्चनाकडे बघितलं. माझ्याकडे नाही.

त्या आठवड्यात त्याने मला भिंतीवरून काढलं. मला वाटलं फोडणार. फोडलं असतं तर बरं. त्याने मला मागच्या शेडमध्ये गवत कापायच्या मशीनशेजारी तोंड भिंतीकडे करून ठेवलं आणि दार लावलं. किती हिवाळे तिथे काढले ते मला सांगता येत नाही, मी घड्याळ नाही. उंदराने माझी दोरी खाल्ली. पितळ पुन्हा हिरवं झालं. हवा चढायची, उतरायची, मी इमानाने सांगत राहायचो, गवताच्या मशीनला.

मग अर्चनाने एकदा शेड आवरलं आणि मला या शाळेत आणून दिलं. तुमच्या स्वातीबाईंना ती म्हणाली, "घरात नको वाटतो. फेकवतही नाही. मुलांना शिकवायला होईल." तिची छोटी दिया आता तुमच्यातच असते. तिला सोडायला हरीश येतो, पण आत येत नाही. बाहेर गाडीतच बसतो, काच वर करून. पाऊस असो, ऊन असो.

तर मित्रांनो, असं माझं आयुष्य. सगळे धडे शेवटी काहीतरी मागतात, तसं मीही मागतो. दुसऱ्याच्या घरात ज्याचा उपयोग आहे ते शोभेला म्हणून आपल्या घरात आणून ठेवू नका. आणलंत तर सांगितलेल्या दिवशी परत करा. वीकेंडला नाही, सांगितलेल्या दिवशी. लांब राहणाऱ्या आपल्या माणसाला बरं वाटावं म्हणून हवा छान आहे असं सांगू नका. त्याला विचारा, तुझ्या खिडकीतून काय दिसतंय? आणि त्याने सांगितलं की ऐका. मला पॉलिश करा न करा, मला काही फरक पडत नाही. तुमच्या पॉलिशने कोणाचं छप्पर टिकत नाही.

आता घंटा होईल. पण अजून कोट घालू नका. एक मिनिट.

मघाशी एवढ्या मोठ्याने शपथ घेतली, आणि त्यात एक गोष्ट मी बनवून सांगितली. एकच. बाकी सगळं खरं आहे.

त्या मंगळवारी माझ्या पोटात कळ आली नव्हती. डबी फुगली नाही, पितळ थरथरलं नाही. सहा हजार मैलांवरचं मला काहीही कळलं नाही. मी निळ्या आकाशाखाली 'फेअर'वर होतो, अगदी रुबाबात. हरीशने टक केलं तेव्हा उलट केसभर वरच सरकलो. बिघडला वाटतं, असं तो म्हणालाच नाही. त्याने बघितलं, काच पुसली, पुन्हा एकदा टक केलं, पुन्हा बघितलं, आणि मी जे दाखवलं तेच आईला सांगितलं.

इतकी वर्षं मी हे असंच सांगतोय, काटा पाडून. म्हणजे ऐकणारा त्याच्यावर चिडतो.

तिने विचारलं, रेघेच्या वर? आणि मी होतो. खूप वर होतो.